मुलाला कुत्र्यांशी नीट वागायला कसं शिकवू?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही इंदिरानगरला राहतो. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे आणि कुत्रा दिसला की त्याला भानच राहत नाही. बिल्डिंगमधल्या काकांचा लॅब्रेडॉर आहे, एकदम शांत, हा पळत जाऊन त्याच्या गळ्यातच पडतो, शेपूट धरतो. परवा लिफ्टमध्ये तो याच्यावर गुरगुरला. काका म्हणाले, "अहो काही करत नाही तो, खेळतोय." सासूबाई म्हणतात आता कुत्र्याच्या जवळ फिरकू पण देऊ नको. मला मुलाला भित्रं करायचं नाहीये आणि चावा पण नकोय. काय करू?
— एक आई, नाशिक

उत्तर : आधी एक गोष्ट, त्या गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला कुणी ओरडलं नसेल अशी आशा करते. गुरगुरणं म्हणजे 'आता बास' असं त्याने स्पष्ट सांगणं, आणि त्यासाठी मार किंवा ओरडा खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता थेट चावू शकतो. काकांचं 'खेळतोय' मला पटत नाही. लिफ्टमध्ये त्याला मागे सरकायला जागा नव्हती आणि वर गळ्यात मिठी पडली, मग बिचारा करणार काय? आपल्याला मिठी म्हणजे माया वाटते, पण बऱ्याच कुत्र्यांना तो अडकल्यासारखा प्रकार वाटतो. लहान मुलाचं तोंड नेमकं कुत्र्याच्या तोंडासमोर येतं, म्हणूनच लहानग्यांना चावे बरेचदा चेहऱ्यावर, मानेवर होतात, आणि चावणारा कुत्रा पुष्कळदा घरातला नाहीतर ओळखीचाच असतो.

मुलाला एवढंच सांगा की लग्नात कुणी अनोळखी आजी येऊन जोरात गालगुच्चा घेते तेव्हा तुला कसं वाटतं, तसंच त्याला वाटतं. साडेपाच वर्षांच्या पोराला हे लगेच कळतं.

मग नियम एकच, आधी मालकाला विचारायचं आणि मग कुत्र्याला. मालक हो म्हणाले म्हणजे झालं असं नाही, इथेच सगळे चुकतात. दोन-तीन पावलं लांब थांबायचं, थोडं तिरकं उभं राहायचं, हात खाली, त्याच्या डोळ्यात रोखून बघायचं नाही, नाकासमोर हात पण खुपसायचा नाही. तो स्वतःहून आला, वास घेतला, अंग सैल असलं तर छातीवर किंवा खांद्यावर हळूच हात फिरवायचा, डोक्यावर वरून थापट्या नकोत. मनात तीन आकडे मोजायचे आणि हात काढून घ्यायचा. तो परत जवळ सरकला तर अजून लाड करायचे, तोंड फिरवलं किंवा निघून गेला तर त्याचं उत्तर 'नाही' आहे, मागे मागे जायचं नाही. घरी एखादं सॉफ्ट टॉय घेऊन याची प्रॅक्टिस करून घ्या, सासूबाईंनाच कुत्र्याचे मालक बनवा, त्यांची पण भीती थोडी कमी होईल.

पण याच्या भरवशावर त्याला एकटं सोडू नका हं, तुम्ही हाताच्या अंतरावर पाहिजेच. दात दाखवणारा कुत्रा हसतोय असं पण लहान मुलांना वाटू शकतं, त्यामुळे कुत्र्याचं अंग वाचायचं काम तुमचं. खायला काही नसताना सारखे ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, कान मागे, शेपूट पायात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकदम ताठ होऊन थांबणं. हे दिसलं की मुलाला शांतपणे बाजूला घ्या. आणि शेपूट हलतेय म्हणजे खूशच आहे असं नसतं, वर ताठ धरून भराभर हलवत असेल तर तो तणावात असू शकतो.

खाताना, झोपलेला असताना, पिल्लांजवळ, बांधलेला किंवा गेटच्या आत असताना हात लावायचाच नाही, तो कितीही ओळखीचा असो.

सासूबाईंची काळजी खरी आहे, पण नुसती भीती घातली की पोरं कुत्रा दिसताच किंचाळत पळतात आणि पळणाऱ्याच्या मागे कुत्रा धावतोच. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर किंवा गल्लीत एखादा अंगावर आला तर पळायचं नाही, जागेवर गप्प उभं राहायचं, हात छातीशी, नजर जमिनीकडे, तो जाईपर्यंत. हे पण घरी खेळ म्हणून करून घ्या.

अजून एक, त्याला आत्ताच सांगून ठेवा की दात किंवा नख लागलं तर लगेच सांग, आई ओरडणार नाही. ओरडा बसेल म्हणून मुलं लपवतात, आणि रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळपास वाचतच नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची, हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, कुत्र्याला लस दिलेली असली तरी. सरकारी दवाखान्यात माणसांना द्यायची रेबीजची लस मोफत मिळते, रक्त आलं असेल तर जखमेतच द्यायचं वेगळं इंजेक्शन पण लागतं, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

काकांशी भांडू नका. लिफ्टमध्ये कुत्रा असला तर "काका, तुम्ही व्हा पुढे, आम्ही नंतर येतो" एवढंच म्हणा, आणि एखाद्या रविवारी ते त्याला फिरवून आणतील तेव्हा खाली पार्किंगमध्ये पट्टा हातात धरून पाच मिनिटं थांबाल का असं विचारा. मोकळ्या जागेत, त्याला हवं तेव्हा लांब जाता येईल अशा ठिकाणी तुमचा मुलगा आधी काकांना आणि मग त्याला विचारू दे.