चारशे पानांचे शहर विकत घ्यावे का?

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ते गेली सहा वर्षे चार मित्रांसाठी टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एका कल्पित पात्राची भूमिका घेत खेळायचा खेळ, चालवतात. गोष्ट, जागा आणि इतर माणसे रचणारे त्या गटाचे गेममास्टर ते आहेत. एका कल्पित बंदर-शहराचे चारशे पानांचे सिटी गाइड, म्हणजे खेळासाठी त्या शहरातल्या जागा, माणसे आणि नकाशे तयार देणारे पुस्तक, त्यांना घ्यायचे आहे. मोठ्या नकाशांसह येणाऱ्या विशेष आवृत्तीची आगाऊ नोंदणी महिनाअखेरीस बंद होणार आहे आणि ती रक्कम क्रेडिट कार्डावर सहा हप्त्यांत भरता येईल. कार्डाची मागची थोडी बाकी अजून फिटलेली नाही. आकस्मिक निधी मात्र चार महिन्यांच्या घरखर्चाइतका साठलेला आहे. यापूर्वी घेतलेल्या सहा पुस्तकांपैकी दोनच प्रत्यक्ष खेळात वापरली गेली, हेही त्यांनी प्रांजळपणे कळवले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आणि सोबत पाठवलेली आठ नमुना पाने मी दोनदा वाचली. मी स्वतःही अनेक वर्षे खेळ चालवत आलो आहे, त्यामुळे "एवढ्या पैशांत दुसरे काहीतरी उपयोगाचे घ्या" असे उत्तर मी देणार नाही. छंदावरचा खर्च हा नियोजनातला खराखुरा खर्च आहे आणि त्याला स्वतंत्र रकाना असलाच पाहिजे. तो तुम्ही ठेवला आहे, दर महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढता, ही गोष्ट मला मनापासून आवडली.

सर्वात आधी हप्त्यांविषयी, कारण त्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. कार्डावर आधीची बाकी असताना नवी खरेदी हप्त्यांवर करू नये. बाकी पुढच्या महिन्यात ओढली की पुष्कळशा कार्डांवर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही हातची जाते आणि पुस्तक दारात पोहोचण्याआधीच त्यावर व्याज चढू लागते. म्हणून पहिली बाकी पूर्ण फेडावी आणि पुस्तक घ्यायचे ठरलेच, तर ते छंदाच्या रकान्यात प्रत्यक्ष जमलेल्या पैशांतूनच घ्यावे. आकस्मिक निधीला हात लावण्याचा तर प्रश्नच येत नाही.

आता मूळ हिशेबाकडे वळू. रकमा मी मुद्दाम प्रमाणात मांडतो. तुम्ही महिन्याला छंदासाठी जे बाजूला ठेवता ते 100 धरले, तर तुम्ही दिलेल्या आकड्यांप्रमाणे विशेष आवृत्ती 460, साधी छापील प्रत 200 आणि पीडीएफ 110 अशी पडते. यात टपालखर्च आणि आयात शुल्क धरलेले नाही. जाड पुठ्ठ्याची, नकाशांच्या गुंडाळीसह येणारी पेटी वजनदार असते आणि आगाऊ नोंदणीच्या योजनांत टपालखर्च बहुधा छपाई झाल्यावर वेगळा आकारला जातो. तो विशेष आवृत्तीसाठी 90 आणि साध्या प्रतीसाठी 40 धरला, तर खरे आकडे 550, 240 आणि 110 असे होतात. म्हणजे विशेष आवृत्ती तुमच्या छंदाचे साडेपाच महिने एकटी खाऊन टाकते आणि त्या काळात दुसरे काहीही घेता येणार नाही, एखादा फाशांचा संचसुद्धा नाही.

अशा पुस्तकाची किंमत पानांवरून किंवा चित्रांवरून ठरवू नये. ते किती सेशनमध्ये, म्हणजे खेळाच्या किती बैठकांत, उघडले जाईल, यावरून ठरवावी. तुम्ही पंधरवड्याला एक याप्रमाणे वर्षात 24 सेशन आखली होती, त्यांपैकी 15 झाली आणि त्या 15 पैकी पात्रे एकाच शहरात होती अशी फक्त पाच. उरलेल्या वेळी तुमचा गट जंगलात, जहाजावर किंवा पडक्या किल्ल्यांत फिरत होता. पुढचे वर्षही असेच गेले, तर विशेष आवृत्तीचा खर्च दर सेशनमागे 110 येतो, म्हणजे एका संध्याकाळीमागे महिन्याच्या छंदखर्चापेक्षा जास्त. पीडीएफचा तोच खर्च 22 येतो.

पैशांपेक्षाही मला तुमच्या वेळेचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. सिटी गाइड घेण्यामागचे तुमचे मुख्य कारण तयारीचा वेळ वाचेल हे आहे, आणि कारण रास्त आहे. सध्या एका सेशनच्या तयारीला चार तास लागतात आणि तयार शहर हाताशी असल्यास त्यातला दीड तास वाचेल, असा तुमचा अंदाज आहे. परंतु चारशे पाने लक्षपूर्वक, टिपणे काढत वाचायची, तर तासाला तीस पानांच्या वेगानेही तेरा तास वीस मिनिटे लागतात. पाच सेशनमध्ये वाचणार साडेसात तास आणि वाचनात जाणार तेरा. नवव्या सेशनला साडेतेरा तास वाचलेले असतील, तेव्हा कुठे बरोबरी होते. वर्षाची पंधराही सेशन त्याच शहरात झाली, तर मात्र साडेबावीस तास वाचतात आणि वाचन वजा जाता नऊ तास हाती उरतात. नोकरी करून खेळ चालवणाऱ्या माणसाला ते नऊ तास मोलाचे आहेत, आणि तसे होणार असेल, तर पुस्तक घ्यावे असेच मी म्हणेन.

यावर तुम्ही म्हणाल की संपूर्ण पुस्तक वाचायला कोण सांगतो. एखादी पेठ आणि बंदर एवढेच वाचून काम भागेल. हे अगदी खरे आहे आणि अनुभवी गेममास्टर तसेच करतात. पण चाळीस पानांचीच गरज असेल, तर चारशे पानांची पेटी घेण्याचे कारण उरत नाही. पीडीएफमधून तेवढी पाने छापून घेता येतात आणि शोधायचा शब्द टंकला की जागा क्षणात सापडते.

नमुना पानांविषयी सविस्तर लिहितो, कारण वस्तूची खरी पारख तिथे होते. पाचव्या पानावर पुलावरच्या जकात नाक्याची नोंद आहे. नाका सांभाळणाऱ्या घराण्याच्या तीन पिढ्यांचा इतिहास अकरा ओळींत सांगितला आहे आणि तो वाचायला सुरस आहे. पण तुमच्या टेबलावर काय घडेल ते डोळ्यांसमोर आणा. पात्रे एका पाकीटमाराच्या मागे धावत त्या पुलावर येतात, एक खेळाडू म्हणतो, "मी जकात न देता पुढे जातो", आणि चौघेही तुमच्याकडे बघतात. रात्री पहारेकरी किती असतात, ते घंटा वाजवतात की पाठलाग करतात, पुलाखालून वाट आहे का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या अकरा ओळींत नाही. म्हणजे पुस्तक उघडे असूनही ते तुम्हालाच ऐनवेळी रचावे लागेल. याउलट सातव्या पानावर दिवे विकणाऱ्या दुकानदाराची नोंद अवघ्या चार ओळींची आहे: त्याला काय हवे आहे, तो कोणाला घाबरतो, दुकानात काय लपवले आहे आणि मागचे दार कोणत्या गल्लीत उघडते. या चार ओळींवर एक अख्खी संध्याकाळ उभी राहते. आठ पानांत मी एकूण चौदा जागांच्या नोंदी मोजल्या आणि खेळात जशाच्या तशा उचलता येतील अशा त्यांत पाच निघाल्या. दोन पाने पहारेकरी आणि चोर यांचे बळ नियमांप्रमाणे सांगणाऱ्या आकडेवारीत गेली आहेत.

त्या आकडेवारीसाठी पैसे मोजू नयेत. तुम्ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनी खेळता, आणि त्या नियमांचा गाभा असलेला एसआरडी 5.1 हा दस्तऐवज जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली कोणालाही मोफत उपलब्ध आहे. साधा पहारेकरी, डाकू, गुप्तहेर यांचे आकडे त्यात आहेतच. शिवाय आकडे जुने होतात. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम 2014 चे, सुधारित नियम 2024 चे. पुढेही बदल होतील. गल्ल्या, माणसे, वैरे आणि नकाशे मात्र नियम बदलले तरी कालबाह्य होत नाहीत. जजेस गिल्ड या प्रकाशकाने 1976 मध्ये काढलेले 'सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड' हे या प्रकारातले अगदी आरंभीचे शहर. त्यातली दुकाने आजच्या नियमांतही वापरता येतात. फ्लाइंग बफेलो या दुसऱ्या प्रकाशकाने 1982 मध्ये 'सिटीबुक' काढले, ते तर कोणत्याच एका नियमावलीला न बांधता, कोणत्याही शहरात बसवता येतील अशा सुट्या जागांचे पुस्तक म्हणून. दुसऱ्या टोकाला 2006 चे 'टॉलस' आहे, एकाच शहरावर 672 पाने. ते शहर त्याच्या कर्त्याच्या टेबलावर आधी प्रत्यक्ष खेळले गेले होते, आणि एवढा विस्तार अशाच गटाला पचतो जो तिथे वर्षानुवर्षे मुक्काम करणार आहे. तुम्ही कोणत्या टोकाच्या जवळ आहात, हे तुमच्या पाच सेशनच्या आकड्यावरून तूर्त तरी स्पष्ट दिसते.

मित्रांनी मिळून वर्गणी काढावी का, असेही तुम्ही विचारले आहे. इतर वस्तूंच्या बाबतीत मी लगेच हो म्हटले असते. इथे अडचण अशी आहे की जे पुस्तक चौघांच्या मालकीचे होईल ते चौघांना वाचण्याचाही हक्क मिळेल, आणि दिवेवाल्याचे मागचे दार कुठे उघडते हे खेळाडूंना आधीच कळले, तर पुस्तकाचा निम्मा उपयोग संपला. म्हणून गाइड गेममास्टरने स्वतःच्या पैशांतून घ्यावे. वर्गणी काढायचीच असेल, तर सर्वांसमोर पसरायच्या छापील नकाशासाठी काढावी. कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट, संपल्यावर तो नकाशा कोणाकडे राहील, हेही पैसे देण्यापूर्वी बोलून ठेवावे. छोटी गोष्ट आहे, पण अशा छोट्या गोष्टींवरून चांगल्या गटांत कटुता आलेली मी पाहिली आहे.

आगाऊ नोंदणी बंद होण्याची तारीख तुमच्या मनावर दडपण आणते आहे, हे पत्रात जाणवते. आगाऊ पैसे देणे म्हणजे दुकानातली खरेदी नव्हे. तयार नसलेल्या वस्तूसाठी दिलेला तो पैसा असतो आणि वेळेवर मिळण्याची हमी बहुधा नसते. मी एकदा अशाच एका प्रकाशकाकडे नकाशांच्या संचासाठी पैसे भरले होते. गुंडाळी चौदा महिन्यांनी आली, तोवर ज्या कॅम्पेनसाठी ती घेतली होती ते संपून गट दुसऱ्याच खेळाकडे वळला होता. ती गुंडाळी आजही माझ्या कपाटावर तशीच आहे आणि तिच्याकडे पाहिले की मला खरोखर वाईट वाटते. तुमचे कॅम्पेन आज सुरू आहे. पुढच्या वर्षी येणारी पेटी आजच्या कॅम्पेनच्या काय कामाची, हा विचार तारखेआधी करावा. विशेष आवृत्तीची फेरविक्री चांगली होते, हा आधारही धरू नये. काही पुस्तकांची होते, बहुतेकांची होत नाही, आणि टपालखर्च तर कधीच परत येत नाही.

न वापरलेल्या चार पुस्तकांबद्दल स्वतःला दोष देऊ नका. तो पैसा गेला. मात्र ती चार का वापरली गेली नाहीत, हे एकदा कागदावर लिहून काढा. चारही वेळा आधी पुस्तक आले आणि मग गटाला विचारले गेले, असे तुमच्या पत्रावरून मला दिसते. या खेपेस क्रम उलटा ठेवा. पुढच्या सेशनच्या शेवटी चौघांना सरळ विचारा की येते वर्षभर एकाच शहरात राहून खेळायला आवडेल का. शहरातला खेळ वेगळा असतो: तिथे शत्रूला मारून पुढच्या गावी निघून जाता येत नाही, कर्ज, ओळखी आणि वैर दुसऱ्या दिवशीही तिथेच असतात. सर्वांनाच ते रुचते असे नाही.

ते हो म्हणाले, तरी लगेच पैसे देऊ नका. तीन सेशन मोफत साधनांवर खेळून पाहा. जांबातिस्ता नोल्ली यांनी 1748 मध्ये प्रसिद्ध केलेला रोमचा नकाशा आज सर्वांसाठी मुक्त आहे. त्यात रस्ते आणि चौकांप्रमाणेच चर्चच्या आतल्या जागाही मोकळ्या पांढऱ्या दाखवल्या आहेत, त्यामुळे पाठलाग रंगवताना कोणत्या दारातून शिरून कुठे बाहेर पडता येईल ते नजरेने कळते. नावे बदला, त्यातली एकच पेठ निवडा, आणि प्रत्येक जागेसाठी दिवेवाल्यासारख्या चार-चार ओळी स्वतः लिहा. तीन सेशननंतर खेळाडू आपणहून त्याच गल्ल्यांत परत जाऊ लागले, तर तुमचा गट शहरात रमणारा आहे असे समजून पीडीएफ घ्या. 110 ची ही रक्कम एका महिन्याच्या रकान्यापेक्षा किंचित जास्त आहे, तोवर कार्डाची बाकी फिटलेली असेल आणि हे पैसेही साठलेले असतील. पीडीएफ घेतल्यावर कोणत्या सेशनला किती पाने उघडली गेली याची नोंद पहिल्या कोऱ्या पानावर करत जा. शहरातले नववे सेशन पार पडले आणि तरीही छापील प्रत हातात असावी असे वाटले, तर साधी प्रत घ्या, आणि त्या खरेदीला माझा पूर्ण पाठिंबा असेल. विशेष आवृत्तीची नोंदणी या महिन्यात करू नका.