ॲडम्सला दोन ओळींत उरकू नकोस

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण वाचलं. वॉशिंग्टनवर चार पानं, जेफरसनवर पाच, आणि मधल्या जॉन ॲडम्सवर, अमेरिकेच्या दुसऱ्या अध्यक्षावर, दोन ओळी. तो दुसऱ्यांदा निवडून आला नाही म्हणून त्याची चार वर्षं अशी उरकायची, हे मला पटत नाही.

१७९७ मध्ये तो कुठे उभा होता ते आधी बघ. निर्वाचकांची मतं जेफरसनपेक्षा जेमतेम तीन जास्त, ७१ विरुद्ध ६८; आणि तेव्हाच्या नियमानुसार तोच प्रतिस्पर्धी उपाध्यक्ष. मंत्री वॉशिंग्टनच्याच वेळचे, आणि त्यातले महत्त्वाचे ॲडम्सच्याच पक्षाचा नेता हॅमिल्टन याच्या शब्दावर चालणारे. जॉन जे याने ब्रिटनशी केलेल्या करारामुळे चिडलेला फ्रान्स अमेरिकी जहाजं पकडत सुटलेला. पॅरिसला बोलणी करायला गेलेल्या तिघा अमेरिकी दूतांकडे फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँ याच्या माणसांनी ५० हजार पौंडांची लाच मागितली, वर कर्जही. मध्यस्थांच्या नावांऐवजी एक्स, वाय, झेड घालून हे कागद १७९८ च्या एप्रिलमध्ये बाहेर आले आणि देश खवळला. युद्ध जाहीर न होताच समुद्रावर लढाई सुरू झाली.

त्याच तापलेल्या वातावरणात ॲडम्सने राजद्रोहाच्या कायद्यावर सही केली. इथे त्याला पाठीशी घालू नकोस. सरकार, काँग्रेस (म्हणजे तिथली संसद) किंवा अध्यक्षाविरुद्ध खोटं, बदनामीचं लिहिलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड. या यादीत उपाध्यक्ष नाही. म्हणजे जेफरसनवर काहीही लिहायला मोकळीक! व्हरमाँटचा खासदार मॅथ्यू लायन या कायद्याखाली चार महिने आत गेला, आणि तुरुंगात असतानाच लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिलं. कायद्याची मुदतही ३ मार्च १८०१ पर्यंतच, म्हणजे नवा अध्यक्ष शपथ घेण्याच्या आदल्या दिवसापर्यंत. ही तारीख टिपणात घालच.

आता १८ फेब्रुवारी १७९९ वर ये. माझ्या मते सगळ्या कारकिर्दीचा कणा इथे आहे. मंत्र्यांना न विचारता ॲडम्सने सिनेटकडे नाव पाठवलं: विल्यम व्हान्स मरे, फ्रान्सशी तहाची बोलणी करण्यासाठी. त्याचाच पक्ष हादरला. हॅमिल्टन वाढीव सैन्याच्या तयारीत गुंतलेला, युद्धज्वरावर पक्षाची चलती, आणि अध्यक्ष तहाची भाषा बोलतोय! पुढे मे १८०० मध्ये त्याने परराष्ट्रमंत्री पिकरिंगला काढून टाकलं. ३० सप्टेंबरला फ्रान्सशी मोर्तफोंतेनचा तह झाला. बातमी अमेरिकेत पोचायला वेळ लागला. तोवर हॅमिल्टनने ॲडम्सविरुद्ध जाहीर पत्रकच काढलं होतं. १८०० च्या निवडणुकीत ॲडम्सला मतं पडली ६५, जेफरसन आणि त्याचा जोडीदार उमेदवार बर यांना प्रत्येकी ७३. तरी म्हातारपणी, १८१५ मध्ये, त्याने लिहिलं की आपल्या थडग्यावर 'फ्रान्सशी तह करण्याची जबाबदारी घेणारा' एवढंच कोरलेलं चालेल.

टिपण पुन्हा लिहिताना लायन आणि मरे या दोघांनाही जागा दे, एकाला झाकून दुसरा दाखवू नकोस. जेफरसनचं एक पान कमी झालं तरी हरकत नाही. लिहून झालं की पाठव, मी लगेच वाचतो.

तुझा,
सर