आफ्रिकी शिल्पे संग्रहालयात पाहिली, पण ती मनात उतरली नाहीत. ती कशी पाहावीत?

आपला प्रश्न असा आहे: लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये तळघरातले आफ्रिकेचे दालन आपण तासभर पाहिले, पण मुखवटे, पुतळे आणि पितळी पट्ट (उठावदार आकृत्यांचे आयताकृती पत्रे) सगळे एकसारखेच वाटले, तेव्हा ही खरोखर कला मानावी की धार्मिक विधींची साधने, आणि सामान्य प्रेक्षकाने ती कशी पाहावीत? दोष आपल्या नजरेचाच असावा, असेही आपण लिहिले आहे. मला तसे वाटत नाही. मी धातूचे ओतकाम शिकले आहे, काही वर्षे लंडनमध्ये राहिले आहे आणि त्या दालनात इतक्या वेळा गेले आहे की तिथल्या काही वस्तू मला डोळे मिटूनही दिसतात. एवढ्या फेऱ्यांनंतर माझे मत असे झाले आहे की तिथल्या बहुतेक वस्तू अपुऱ्या आहेत. त्यांचा एखादा भाग, त्यांची जागा किंवा त्यांच्या कर्त्याचे नाव त्यांच्यापासून तोडले गेलेले आहे आणि उरलेला तुकडाच पूर्ण वस्तू म्हणून आपल्यासमोर ठेवलेला आहे. म्हणून समोर काय आहे हे पाहून झाल्यावर इथे काय नाही हेही शोधावे, असे मी सुचवीन.

एकच उदाहरण जरा सविस्तर सांगते. आजच्या नायजेरियातील बेनिन या जुन्या राज्यातून आलेली पितळी मस्तके आपण पाहिली असतील. हनुवटीपर्यंत चढलेले पोवळ्यांच्या माळांचे थर, डोक्यावर पोवळ्यांचीच जाळीदार टोपी, शांत आणि थोडे जड डोळे. अशा मस्तकाच्या माथ्यावर एक मोठे गोल भोक असते. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ओतकाम शिकलेल्या माणसाला सुचेल तेच मला सुचले: आतला मातीचा गाभा काढण्यासाठी ते ठेवले असावे. माझा तर्क चुकीचा होता. ते भोक हस्तिदंतासाठी आहे. बेनिनचा राजा, म्हणजे ओबा, वारला की नवा ओबा आपल्या वडिलांसाठी राजवाड्यात वेदी उभारीत असे, तिच्यावर हे मस्तक ठेवीत असे आणि त्यातून पूर्वजांच्या पराक्रमाची चित्रे कोरलेला एक अखंड हस्तिदंत वर झेपावत असे. शेजारी पूर्वजांना बोलावण्यासाठी वाजवायच्या घंटा आणि लाकडी दंड असत, आणि तिथे बळी व नैवेद्य अर्पण केला जाई. संग्रहालयात मस्तक एका चौथऱ्यावर, दात दुसऱ्या पेटीत आणि घंटा तिसऱ्या शहरात. मग आपण त्या मस्तकाकडे रोमन सम्राटाच्या अर्धपुतळ्याकडे पाहावे तसे पाहतो, व्यक्तीचे हुबेहूब चित्रण शोधतो, ते सापडत नाही आणि 'ओबडधोबड' हा शब्द ओठावर येतो. आपल्याकडच्या एखाद्या घराच्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक उचलून काचेच्या पेटीत ठेवला आणि खाली 'चांदी, दख्खन, एकोणिसावे शतक' असे लिहिले, तर त्यात एक अक्षरही खोटे नसेल. पण पाहणाऱ्याला हळद, तळी आणि तो पूजणारे घराणे यांतले काहीच कळणार नाही.

ओबडधोबडपणाचा मुद्दा मला अधिक लागतो, कारण हे काम किती अवघड आहे हे माझ्या हातांना माहीत आहे. मातीच्या गाभ्यावर मेणाचा पातळ थर चढवायचा, पोवळ्याचा एकेक मणी आणि केसांची एकेक वेणी मेणातच घडवायची, वरून मातीचे लेप द्यायचे, भट्टीत मेण वितळून बाहेर काढायचे आणि त्याच्या जागी वितळलेले पितळ ओतायचे. आपल्याकडे ढोकरा काम करणारे आजही हेच करतात. धातू मध्येच थिजला, कुठे हवा अडकली किंवा गाभा केसभर सरकला, तर कित्येक आठवड्यांचे काम वाया जाते. आणि सगळे नीट जमले तरी साचा फोडावाच लागतो, म्हणून तशीच दुसरी प्रत निघत नाही. बेनिनच्या जुन्या मस्तकांची धातूची जाडी इतकी कमी आहे की ती पाहताना मला आजही धडधडते. हे काम करणाऱ्यांची वंशपरंपरेने चालणारी संघटना ओबाच्या आश्रयाने बेनिन शहरातील इगुन गल्लीत राहत असे, आणि तिथे ओतकाम आजही चालते. तिथल्या इदो भाषेत 'आठवणे' या अर्थाने जो शब्दप्रयोग आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'धातूत आकृती ओतणे' असा आहे. ही शिल्पे राज्याची बखर होती, असे मी म्हणते ते याच आधारावर.

ती बखर फाडली गेली फेब्रुवारी १८९७ मध्ये. त्याआधी जानेवारीत, 'सध्या येऊ नका' असा निरोप असतानाही बेनिनकडे निघालेल्या एका ब्रिटिश तुकडीतील बहुतेक माणसे मारली गेली होती. त्याचे निमित्त करून ब्रिटिश सैन्याने शहर घेतले, राजवाडा लुटला, शहराला आग लागली आणि ओबा ओव्होनरामवेन याला कालाबार येथे हद्दपार केले. १९१४ मध्ये तो तिथेच वारला. हजारो वस्तू अधिकाऱ्यांच्या सामानातून आणि सरकारी लिलावांतून युरोपभर पसरल्या. १८९७ च्याच सप्टेंबरात ब्रिटिश म्युझियमने सुमारे ३०० पितळी पट्ट लोकांपुढे मांडले, आणि तिथल्या विद्वानांना पडलेला पहिला प्रश्न असा होता की आफ्रिकेतल्या लोकांना हे जमलेच कसे. हे पोर्तुगीजांकडून शिकले असतील की इजिप्तकडून? बर्लिनच्या संग्रहालयातील फेलिक्स फोन लुशान यांनी मात्र लगेच ठामपणे लिहिले की हे काम आफ्रिकेचेच आहे आणि युरोपातील उत्तमोत्तम ओतकामाच्या तोडीचे आहे. तसे पोर्तुगीज त्या पट्टांवर दिसतात खरे, लांब नाक आणि सरळ केस असलेले. पण ते तिथे ओतारी म्हणून आलेले नाहीत, व्यापारी म्हणून आलेले आहेत. हातातल्या कड्यांसारखे घडवलेले पितळेचे तुकडे ते जहाजांतून आणीत आणि त्यांच्या बदल्यात मिरी, हस्तिदंत आणि माणसेही घेऊन जात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीने दाखवले की त्या कड्यांच्या धातूचा मोठा भाग जर्मनीतील ऱ्हाईनलँड प्रदेशातल्या खाणींमधला होता.

आता त्या पट्टांचेच पाहा. आपण ते उभ्या दांड्यांवर रांगेने लावलेले पाहिलेत. सोळाव्या-सतराव्या शतकात ते राजवाड्याच्या लाकडी खांबांवर खिळ्यांनी ठोकलेले असत; त्यांच्या कडांजवळची भोके नीट पाहिलीत तर दिसतील. बहुतेकांच्या पार्श्वभूमीवर चार पाकळ्यांची एक बारीक आकृती कोरलेली असते, ती नदीकाठच्या पानाची आहे आणि जलदेवता ओलोकुनशी तिचा संबंध आहे. मधली व्यक्ती मोठी आणि बाजूचे सेवक लहान असतात, ते प्रमाण चुकले म्हणून नव्हे, मान दाखवायचा म्हणून. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कित्येक पट्ट जोडीने लावण्यासाठी घडवलेले होते. हे न समजल्यामुळे ब्रिटिश म्युझियमनेच १९५० पासून पुढच्या दोनेक दशकांत तिसेक पट्ट 'एकाच वस्तूच्या दोन प्रती' समजून विकले किंवा बदलून टाकले. त्यांतले काही खुद्द नायजेरियालाच पैसे देऊन घ्यावे लागले. तज्ज्ञांचीही चूक होते ती अशी; एका तासाच्या भेटीत आपल्याला काही उमगले नाही, यात नवल ते काय?

मुखवट्यांच्या बाबतीत तुकडा आणि पूर्ण वस्तू यांतले अंतर आणखी वाढते. मालीतील बामाना लोकांचे 'ची वारा' नावाचे लाकडी हरीण अनेक संग्रहालयांत दिसते: उंच शिंगे, नराच्या मानेवर नागमोडी जाळीदार आयाळ, मादीच्या पाठीवर पिल्लू. युरोपातील चित्रकारांना त्याच्या रेषांनी वेड लावले आणि ते रास्तच होते. पण तो चेहऱ्यावर लावायचा मुखवटा नव्हे, ते डोक्यावर बांधायचे शिरोभूषण आहे. नर्तकाचे सगळे अंग काळसर तंतूंच्या झालरींखाली झाकलेले असते, दोन्ही हातांत काठ्या घेऊन तो वाकून हरणासारखा उड्या मारतो, नर आणि मादी नेहमी जोडीने येतात, आणि हे सगळे शेतात कुदळी चालवणाऱ्या तरुणांचा हुरूप वाढवण्यासाठी असते. संग्रहालयात येते ते फक्त लाकूड, आणि तेही बहुधा जोडीतले एकच. पोशाख कुणी जपला नाही, कारण गोळा करणाऱ्यांच्या लेखी ती नुसती वाळकी झालर होती.

कला की विधीचे साधन, या आपल्या प्रश्नावर १९८८ साली न्यूयॉर्कमध्ये सुझन व्होगेल यांनी भरवलेले एक प्रदर्शन मला फार मोलाचे वाटते. त्यात मध्य आफ्रिकेतील झांदे लोकांचे शिकारीचे एक जाळे, गुंडाळून बांधलेले होते तसेच, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत बुटक्या चौथऱ्यावर ठेवले होते. लोकांना ते आधुनिक शिल्प वाटले. म्हणजे कला आणि साधन ही विभागणी त्या वस्तूत नव्हतीच, ती मांडणाऱ्याच्या हातात होती. कोनाड्यात ठेवले की साधन, प्रकाशझोतात ठेवले की कला. ज्यांनी या वस्तू घडवल्या त्यांना सुंदर आणि उपयोगी यांत निवड करण्याची गरज कधी पडली नाही, तेव्हा ती आपणही करू नये असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आणि कर्त्याचे नाव. आफ्रिकी कारागीर अनामिकच असतो, हा समज संग्रहालयांनी एका पाटीमागून दुसरी पाटी लिहीत पक्का केला. ब्रिटिश म्युझियममध्ये नायजेरियाच्या योरुबा प्रदेशातील इकेरे येथील राजवाड्याचा एक कोरीव दरवाजा आहे. त्यात इकेरेचा राजा, म्हणजे ओगोगा, सिंहासनावर बसला आहे, आणि डोलीत बसून आलेला ब्रिटिश अधिकारी त्याच्या भेटीला येतो आहे. आकृती इतक्या उठावदार आहेत की त्या फळीतून बाहेर पडून आपल्याकडे चालत येतील असे वाटते. १९२४ च्या वेम्बली येथील साम्राज्य प्रदर्शनात तो मांडला होता. म्युझियमला तो हवासा झाला, पण ओगोगाने पैसे घेऊन तो विकला नाही. बदल्यात इंग्लंडमध्ये बनवलेले सिंहासन घेतले. तो कोरणारा ओलोवे, इसे गावचा, तेव्हा हयात होता आणि त्याच्या मुलखात त्याचे नाव सर्वांना ठाऊक होते. लंडनमध्ये मात्र ते पाटीवर यायला पुष्कळ काळ जावा लागला. योरुबा समाजात माणसाची स्तुती गाण्याची ओरिकी नावाची परंपरा आहे, आणि ओलोवेच्या कामाचे वर्णन करणारी ओरिकी त्याच्या निधनानंतर सुमारे पन्नास वर्षांनी त्याच्या एका पत्नीला पाठ होती. नाव हरवलेले नव्हते. कुणी विचारले नव्हते, एवढेच.

या वस्तू परत द्याव्यात का, असे आपण शेवटी विचारले आहे. लुटलेल्या वस्तू परत द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. जर्मनीने २०२२ मध्ये बेनिनच्या १,१०० हून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली, नेदरलँड्सने २०२५ मध्ये ११९ वस्तू परत केल्या. परत गेल्यावर त्या संग्रहालयात राहाव्यात की बेनिनच्या आजच्या ओबाच्या ताब्यात, यावर नायजेरियात वाद झाला. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने ओबाला त्यांचा मालक ठरवले. तो वाद त्यांचा आहे आणि तो त्यांनीच सोडवावा. ब्रिटिश म्युझियम मात्र संग्रहातील वस्तू कायमच्या देण्यावर निर्बंध घालणाऱ्या १९६३ च्या कायद्याकडे बोट दाखवते आणि उसने देण्यापलीकडे जात नाही. घानातील असांते राजघराण्याच्या ३२ वस्तू २०२४ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने कुमासी येथील मान्हिया राजवाड्याच्या संग्रहालयाला दिल्या, त्याही तीन वर्षांच्या बोलीने. त्याच वर्षी त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून वाघनखे साताऱ्याला आली, तीही तीन वर्षांसाठी. ती शिवरायांचीच आहेत याची खात्री देता येत नाही, असे त्या म्युझियमने स्वतः सांगितले आहे. असांते राजघराण्याच्या वस्तू कुठून आल्या याबद्दल मात्र कुणालाच शंका नाही. साताऱ्यात रांगेत उभे राहताना आपल्यापैकी अनेकांच्या मनात जे आले असेल, तेच कुमासीच्या लोकांच्याही मनात आले असणार.

पुन्हा जाणे झाले तर सगळे दालन पाहू नका. इकेरेचा दरवाजा कुठे लावला आहे ते विचारून घ्या, त्याच्यासमोर वीस मिनिटे थांबा आणि डोलीतल्या साहेबाचे अवघडून बसणे व ओगोगाचे ऐसपैस बसणे यांकडे नीट पाहा. मग एका बेनिन मस्तकाशी जाऊन माथ्यावरचे भोक शोधा. तो दात त्याच इमारतीत दुसऱ्या कुठल्या पेटीत मांडलेला असेल, तर तोही पाहून या.