सराप आणि 'सेरापाह'

प्रश्न आलाय की मलेशियातले मलय लोक मुसलमान असूनही 'मंतेरा' म्हणतात, तर तो आपलाच संस्कृत मंत्र का. आधी एक बोलून घेतो. केसगळतीवर पाच मंत्र, गुंतवणुकीचा मंत्र, असं रोज कानावर पडतं आणि डोकं उठतं. टिप आहे तर टिप म्हणा. मंत्र म्हटला की समोर काहीतरी घडलं पाहिजे, ताप उतरला पाहिजे, मगर लांब गेली पाहिजे. मलय गावांनी हा अर्थ फार नीट सांभाळला.

तर नाही, संस्कृत नसतो. भाषा मलयच, यमकांची. सुरुवात बिस्मिल्लाहने किंवा जुन्या मंत्रात 'होंग'ने (हा आपला ओम), मध्ये बतारा गुरू म्हणजे शिव, शेवटी ला इलाह इल्लल्लाह. मलय भाषेचे ब्रिटिश अभ्यासक विन्स्टेट यांनी १९२५च्या पुस्तकात याचे थर पाडलेत, हा शैव, हा सूफी. विद्वानांना थर दिसतात हो, पण तापलेल्या पोराच्या उशाशी बसलेल्या बोमोहला ते एकच बोलणं असतं आणि ते तसंच वाचलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. बोमोह बरं करणारा, पावांग म्हणजे शेती, मासेमारी, कथलाच्या खाणी सांभाळणारा. मंत्र म्हणणारा भुताला सांगतो, तुझं मूळ मला ठाऊक आहे, आणि मग म्हणतो हा उतारा माझा नाही, अमक्याचा. आपल्या शाबरी मंत्राच्या शेवटी 'फुरो मंत्र ईश्वरो वाचा' येतं ना, त्याच जातीचं. भाताच्या कापणीला तर पिकाचा प्राण, 'सेमांगत', घाबरू नये म्हणून पहिल्या लोंब्या तळहातात लपणाऱ्या 'तुवाई' नावाच्या पात्याने कापत. जीव घाबरला की 'कुर सेमांगत' म्हणून त्याला परत बोलवतात, आणि 'कुर' ही कोंबड्यांना बोलवायची हाक आहे! किती मायेचं आहे हे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो तो शब्द, 'सेरापाह'. जुना अर्थ मंत्रोच्चार, आता 'सुंपाह सेरापाह' म्हणजे शिव्याशाप. कोश 'शाप'कडे बोट दाखवून मोकळे होतात. मग मधला र कुठून आला? काही जण म्हणतात मलयमध्ये शब्दाच्या पोटात 'एर' घुसतो, 'गिगी' म्हणजे दात, त्यापासून 'गेरिगी' म्हणजे दातेरी, तसंच हे. मला अजिबात पटत नाही. तो 'एर' त्यांच्या घरच्या शब्दांत घुसतो, पाहुण्या शब्दाला कशाला लावतील, आणि लावला तर अर्थात काय भर पडली ते तरी सांगा. माझं म्हणणं सरळ आहे, मूळ 'शाप' नाहीच, बोलीतला 'श्राप' आहे. श्रीचं त्यांनी 'सेरी' केलं, शास्त्राचं 'सास्तेरा', पुत्राचं 'पुतेरा'. श चा स, आणि जोडाक्षर फोडून मध्ये ए. हाच नियम श्रापाला लावा, सेराप मिळतो की नाही? शेवटचा ह म्हणाल तर 'रुपियाह' बघा, तिथेही आलाच आहे. आणि आपली आजी काय म्हणते? 'सराप लागेल रे.' तिनेही तेच जोडाक्षर तसंच फोडलंय. माझी खात्री आहे की हा शब्द पोथीतून नाही, बंदरावरच्या माणसांच्या तोंडून तिकडे गेला, कारण पोथीत 'शाप'च लिहिलेला असतो.

मंत्राला तिकडे 'जांपी'ही म्हणतात, तो 'जप'वरून आला असं काही जण मानतात. फक्त जावात आदराच्या बोलीत जांपी म्हणजे औषध, 'जामू'चा (तिकडच्या झाडपाल्याच्या औषधाचा) आदरार्थी शब्द, हे लक्षात असू द्या.

मंतेराचं राहिलंच. शब्द 'मंत्र'च, पण तो जास्त पुस्तकी. गावात विचाराल तर जांपी म्हणतील, किंवा दोन्ही जोडून 'जांपी सेरापाह'.