दोन भाषणं आणि माझे तळपाय

चि. मुला,

अनेक आशीर्वाद. नाव मुद्दामच लिहीत नाही. हे पत्र तुझी आईही वाचणार, आणि आपल्या सोसायटीत कुठलाही कागद एका घरात थांबत नाही.

परवा तू स्पर्धेसाठी लिहिलेली दोन भाषणं वाचायला देऊन गेलास. युद्धकाळात लष्करी सेवा सक्तीची असावी, हे एक. नसावी, हे दुसरं. चिठ्ठीत जी बाजू येईल ती मांडायची म्हणून दोन्ही तयार. दारात चपला घालता घालता म्हणालास, "आजोबा, लिहिताना मला दोन्ही पटलं. मग माझं खरं मत कुठलं?" आणि उत्तर न ऐकता जिना उतरलास. मला दोन रात्री धड झोप नाही. वयामुळेही असेल.

भाषणं उत्तम आहेत, तेच मला खुपलं. पहिल्यात शिवराय आहेत, कारगिल आहे, सियाचीन आहे. दुसऱ्यात गांधीजी, व्हिएतनाम, व्यक्तिस्वातंत्र्य. तू कुठेच नाहीस. एकोणीस वर्षांचा, धडधाकट, सकाळी पर्वतीच्या पायऱ्या धावत चढणारा मुलगा, सक्ती आली तर ज्याचं नाव पहिल्या यादीत लागेल, तो दोन्ही भाषणांतून गायब आहे!

मी एकच सांगणार आहे, आणि पत्रभर तेच सांगणार आहे. आधी स्वतःचं नाव घाल. मग हवी ती बाजू घे.

या प्रश्नावर देशच्या देश फाटले ते बहुतेक 'नाव कुणाचं' यावरूनच. ऑस्ट्रेलियाने पहिल्या महायुद्धात, १९१६ आणि १९१७ साली, लोकांना दोनदा विचारलं आणि लोकांनी दोनदा नकार दिला. सत्ताधारी मजूर पक्ष त्यात दुभंगला. आघाडीवरच्या सैनिकांनाही मत होतं. पहिल्या वेळी त्यांच्यात 'हो' म्हणणारे जेमतेमच जास्त निघाले. जे चिखलात उभे होते, त्यांना दुसऱ्याला तिथे ओढून आणायची फारशी घाई नव्हती, असं मी त्याचा अर्थ लावतो.

व्हिएतनाम तुझ्या भाषणात एका वाक्यात उरकलंय. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत, सैन्यात कुणाला आधी बोलवायचं ते ठरवायला, जन्मतारखांची सोडत काढली. काचेच्या भांड्यात ३६६ निळ्या कुप्या. पहिली निघाली १४ सप्टेंबरची. नंतर हिशेब करणाऱ्यांच्या ध्यानात आलं, की कुप्या नीट ढवळल्याच नव्हत्या; वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांवर पाळी जास्त आली. आणि कॉलेजात शिकणाऱ्याला मुदत मिळतच होती. म्हणजे तू आणि मी दोघंही तूर्त सुटलो असतो. हे लिही की भाषणात! इस्रायलमध्येही भांडण तेच आहे. १९४८ साली सुमारे ४०० धर्मविद्यार्थ्यांना दिलेली सूट वाढत वाढत हजारोंची झाली, आणि जून २०२४ मध्ये, ऐन युद्धात, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला एकमताने सांगावं लागलं की या सवलतीला कायद्याचा आधार उरलेला नाही. राखीव दलात पुन्हा पुन्हा बोलावणं येणाऱ्या घरांचा राग शत्रूवर होता तेवढाच शेजारच्या गल्लीवर होता.

आपल्याकडे सक्तीची वेळच आली नाही, असं तू लिहिलंस. बरोबर आहे. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख हिंदी सैनिक होते, सगळे स्वेच्छेने आलेले. पण माण-खटावच्या दुष्काळी गावातल्या पोराची स्वेच्छा आणि सदाशिव पेठेतल्या पोराची स्वेच्छा एका तराजूत घालू नकोस. २०२२ साली अग्निपथवरून मुलं रस्त्यावर उतरली, ती सैन्यात जावं लागेल म्हणून नाही. चारच वर्षं का, म्हणून. जगात सक्तीविरुद्ध दंगे होतात, आपल्याकडे नोकरी अपुरी पडते म्हणून होतात. घटनेचं तेविसावं कलम काढून बघ. सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायला सरकारला मुभा आहे, पण धर्म, वंश, जात किंवा वर्ग एवढ्यावरून भेद करता येणार नाही. 'वर्ग' हा शब्द तिथे आहे. तुझ्या दोन्ही भाषणांत नाही.

२०२५ च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर काय चाललं होतं ते आठवतं ना? प्रत्येक घरातून एक मुलगा सक्तीने घ्या, असं सर्वांत ठणकावून लिहिणाऱ्या गृहस्थांची दोन्ही मुलं टेक्सासला आहेत. तू एक शंका विचारलीस तर तुला देशद्रोही ठरवून मोकळे झाले. तू गप्प बसलास. मीही गप्प बसलो, आणि माझं गप्प बसणं तुझ्यापेक्षा वाईट होतं. का, ते सांगतो.

चीनच्या युद्धानंतर, १९६३ साली, कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. १९६८ ला पुन्हा ऐच्छिक. मधली पाच वर्षं म्हणजे नेमकी माझी कॉलेजची वर्षं. १९६५ च्या सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध जुंपलं आणि आमच्या कॉलेजात मी भाषण ठोकलं: एनसीसी पुरे नाही, प्रत्येक तरुणाच्या हातात सक्तीने बंदूक द्या! काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. आणि त्याच वेळी माझ्या खिशात ओळखीच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र होतं. तळपाय सपाट, परेडला अयोग्य.

माझे तळपाय उत्तम होते. पासष्टीपर्यंत दर रविवारी सिंहगड चढलो मी.

वर्गात खटावकडचा एक मुलगा होता. नातेवाइकांकडे एका खोलीत राहायचा, एनसीसीची परेड एकदा चुकवली नाही. परेडनंतर नाश्ता मिळायचा, हेही एक कारण होतं. भाषण संपल्यावर सायकलस्टँडपाशी मला म्हणाला, "भाषान लई भारी झालं. पर तुजं नाव न्हवतं त्यात." मी हसलो. मला वाटलं, सुरुवातीला नाव सांगायचं राहिलं असं म्हणतोय. त्याला तेच म्हणायचं होतं की दुसरं, हे मी त्याला कधीही विचारलं नाही. पुढे तो पदवी अर्धवट सोडून फौजेत गेला, सुभेदार होऊन परत आला. उजव्या पायाची दोन बोटं बर्फात गेली होती. दिवाळीच्या सुमारास यायचा, भुईमुगाच्या शेंगा आणायचा. पेन्शनचे त्याचे अर्ज मीच लिहून देत असे, आणि फार सुवाच्य अक्षरात लिहीत असे.

आता माझीही बाजू ऐक. १९६१ च्या पानशेतच्या पुरात आमचं नारायण पेठेतलं दुकान गेलं. वडिलांनी त्याचा धसका घेतला आणि वर्षभरात तेही गेले. घरी आई आणि धाकटी बहीण. सकाळी कॉलेज, दुपारी एका वखारीत हिशेबाचं काम. मला काही झालं असतं तर दोघींनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं होतं? यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण प्रमाणपत्रावर आई नव्हती, तळपाय होते. 'आई एकटी आहे, मी येणार नाही' एवढं स्वच्छ लिहून दिलं असतं, तर कदाचित दंड झाला असता, कदाचित कुणी समजूनही घेतलं असतं. आणि त्या दिवशी बंदुकीचं भाषण तरी माझ्या तोंडून निघालं नसतं. एवढंच म्हणतोय मी. कुणी गेलंच पाहिजे असं म्हणत नाही.

विरोध करणाऱ्यालाही सूट नाही, हे ध्यानात ठेव. विनोबा १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला युद्धाविरुद्ध बोलले ते स्वतःच्या नावाने, आधी कळवून, आणि चारच दिवसांत पकडले गेले. ब्रिटनमध्ये १९१६ ची सक्ती नाकारणारे सोळा हजारांच्या आसपास होते. त्यातल्या पस्तीस जणांना फ्रान्समध्ये नेऊन मृत्युदंड वाचून दाखवला, मग तो दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला. त्यांना भित्रे म्हणणारे घरी चहा पीत होते. यांतल्या कुणाचंही मत तू घेऊ नकोस, पण त्यांच्या कागदावर कुणाचं नाव होतं तेवढं बघ.

तेव्हा दोन्ही भाषणं पुन्हा लिही. पहिलं सुरू कर: 'उद्या सक्ती आली तर मी जाईन, आणि मला भीती वाटते ती अशी.' दुसरं: 'उद्या सक्ती आली तर मी जाणार नाही, आणि त्याची शिक्षा भोगायला तयार आहे.' मोठ्याने म्हणून बघ, आरशापुढे नको, आईपुढे म्हण. यातलं एक वाक्य तुझ्या घशात अडकेल. दोन्ही अडकली तर स्पर्धेला जाऊ नकोस. बक्षीस म्हणजे एक चषक आणि पुस्तकांचं कूपन, त्यावाचून काही अडत नाही. परीक्षकांना हे आवडणार नाही म्हणशील. नाही आवडणार. मला आवडलेल्या टाळ्या अजून पुरताहेत.

रविवारी सकाळी साडेआठला खाली ये. खडकीला जखमी जवानांचं पॅराप्लेजिक सेंटर आहे. आत सोडतात का ते आधी फोन करून विचार, हे काम तुझं. तिथून युद्धस्मशानभूमीत जाऊ, नावं वाचायला. रिक्षा सांगून ठेव. चालत फिरणं मला जमेनासं झालंय, आणि या वेळी प्रमाणपत्र खरं आहे.

तुझा,
तळमजल्यावरचे आजोबा