भुरी चरबी की तपकिरी मेद?

भाची नागपुरात जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. विभागातल्या भित्तिपत्रकासाठी तिनं शीर्षक पाठवलं: 'भुऱ्या चरबीच्या पेशींच्या विकासात भाषांतरोत्तर सुधारणांची भूमिका'. खाली प्रश्न, "मामा, बरोबर आहे नं?"

आधी 'भुरी'. हा हिंदीचा शेजार. नागपूरच्या इतवारी बाजारात भुरं कापड मागितलं तर तपकिरीच पुढ्यात येईल. पण मराठीत भुरा म्हणजे पांढुरका, राखट. पिकावर भुरी पडते ती पांढरी पूडच. म्हणजे शेतकऱ्याच्या घरातला वाचक नेमकी उलटी, ऊर्जा साठवणारी पांढरी चरबी समजणार! 'तपकिरी'च म्हणावं. या पेशींत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, दाटीनं असतात, त्यांतल्या लोहयुक्त प्रथिनांमुळे तो रंग येतो. तिथलं यूसीपी१ हे प्रथिन ऊर्जा एटीपीत (पेशीच्या ऊर्जेच्या चलनात) न अडकवता उष्णता म्हणून सोडून देतं. तान्ह्या बाळाला नीट कुडकुडता येत नाही, त्याची ऊब बरीचशी यावरच. 'चरबी' चालेल, पण आपल्याकडे ती अंगात चढते. 'मेद' बरा.

'सुधारणा' मात्र खोडच. इंग्रजीतलं 'मॉडिफिकेशन' ते हे: तयार झालेल्या प्रथिनाला रासायनिक गट किंवा दुसरं छोटं प्रथिन लावणं, नाहीतर काढणं. युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी लागली की प्रथिन बहुधा मोडीत निघतं. त्यात कसली सुधारणा? 'फेरफार' म्हणावं, तर तलाठी आणि सातबारा आठवतो.

मोह झाला तो 'संस्कार'चा. चरकसंहितेत संस्कार म्हणजे द्रव्यात वेगळा गुण आणणं. प्रथिनाला फॉस्फेट चिकटला की हेच तर घडतं! पण २०१२ सालचं एक संशोधन आडवं आलं. सर्ट१ हे विकर (एन्झाइम) मेदपेशी घडवणाऱ्या पीपीएआर-गॅमा या प्रथिनातल्या दोन लायसिनांवरचे (लायसिन हे एक अमिनो आम्ल) ॲसिटिल गट काढून टाकतं. मग पीआरडीएम१६ हे दुसरं प्रथिन पीपीएआर-गॅमाला येऊन मिळतं आणि पांढऱ्या मेदपेशीत तपकिरी गुण उतरू लागतात. इथे सगळी किमया काढण्यात आहे, आणि झालेला संस्कार आपण काढत नाही. 'फेरबदल' या शब्दात लावणं-काढणं दोन्ही मावतं.

राहिलं 'भाषांतरोत्तर'. चूक नाही, आरएनएच्या लिपीतला मजकूर अमिनो आम्लांत उतरतो, म्हणून ते भाषांतर. पण भित्तिपत्रकापुढे उभा राहणारा विचारेल, कोणत्या पुस्तकाचं? 'तयार प्रथिन' म्हटलं की काम भागतं.

तेव्हा असं लिही: 'तपकिरी मेदपेशी घडताना तयार प्रथिनांत होणारे फेरबदल'.