रात्री बोट कोण चालवतं?

शिडाच्या बोटीने महासागर ओलांडणाऱ्यांच्या रोजच्या जगण्याबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आज घेतले आहेत.

प्रश्न : रात्री बोट थांबवून सगळे झोपता का?

भर महासागरात तळ चार-चार किलोमीटर खाली असतो, तिथे नांगर टाकायचा प्रश्नच येत नाही. बोट रात्रंदिवस चालत राहते. चाळीस फुटी बोटीचा वेग पाच-सहा नॉट (ताशी पाच-सहा सागरी मैल), म्हणजे सायकलपेक्षाही कमी. पण ती थांबत नाही म्हणून चोवीस तासांत १२० ते १४० सागरी मैल कापते. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंतचे सुमारे २,७०० मैल याच हिशेबाने तीनेक आठवड्यांत होतात.

सुकाणू बहुतेक वेळ ऑटोपायलट सांभाळतो, किंवा विंड वेन, म्हणजे वाऱ्याची दिशा धरून सुकाणू फिरवणारी पाती. ही वाऱ्याच्याच जोरावर चालते, वीज खात नाही. माणसाचं काम पहाऱ्याचं. तिघे असतील तर तीन तास पहारा आणि सहा तास विश्रांती. दोघेच असतील तर तीन-चार तासांनी अदलाबदल. पहाऱ्यावरच्याने दर दहा-बारा मिनिटांनी उठून चारही बाजूंचं क्षितिज नीट न्याहाळायचं. वीस नॉटने समोरून येणाऱ्या मालवाहू जहाजाचा दिवा दिसल्यापासून ते अंगावर येईपर्यंत वीसेक मिनिटं मिळतात, कधी त्याहून कमी. जहाजं आपली जागा रेडिओवरून कळवतात, त्या एआयएस यंत्रणेच्या पडद्यावर मोठी जहाजं दिसतात, लहान मासेमारी बोटी दिसतीलच असं नाही. तेव्हा पडद्यावर विसंबून डुलकी काढू नका.

एका नियमात मात्र मी कुणालाही सूट देत नाही. अंधार पडल्यावर हार्नेसचा, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा पट्ट्याचा, हूक बोटीला अडकवल्याशिवाय केबिनमधून वर यायचं नाही, आणि दुसऱ्याला उठवल्याशिवाय कॉकपिट, म्हणजे सुकाणूजवळची बसायची जागा, सोडून पुढे डेकवर जायचं नाही. सहा नॉटला बोट सेकंदाला तीन मीटर पुढे जाते. माणूस पडला आणि मिनिटभर कुणाच्या लक्षात आलं नाही, तर तो १८५ मीटर मागे राहिलेला असतो. लाटांमध्ये एवढ्या अंतरावरचं डोकं भर दिवसाही दिसणं कठीण, रात्रीची तर बातच सोडा.

प्रश्न : मला तासाभराच्या फेरीतही बोट लागते. मग हा विचार सोडूनच द्यावा का?

इतक्यात सोडू नका. बहुतेकांचा त्रास दोन-तीन दिवसांत ओसरतो. केबिनमध्ये डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय. मळमळ त्यातून येते. म्हणून वर उघड्यावर बसा, क्षितिजाकडे बघा, ते नाही जमलं तर डोळे मिटून आडवे व्हा. पाणी घोट-घोट घेत राहा. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही, ती निघण्याआधी घ्यायची असते. आणि त्याआधी एकदा जमिनीवर घेऊन बघा, कारण काही गोळ्यांनी भयंकर झोप येते. नेल्सनसारख्या आरमारी सेनापतीलाही बोट लागायची. काहींचा त्रास मात्र जातच नाही. तुम्ही त्यांतले आहात का, हे दोन-तीन दिवसांच्या सलग सफरीत कळेल.

प्रश्न : फ्रिज नसेल तर ताजं काय टिकतं? आणि हलत्या बोटीवर शिजवता कसं?

कोबी, भोपळा, कांदे, बटाटे हवेशीर जागी तीन आठवडे आरामात निघतात. कांदे-बटाटे शेजारी ठेवू नका. न धुतलेली आणि कधीच फ्रिजमध्ये न गेलेली अंडी काही आठवडे टिकतात. केळ्यांचा घड सगळा एकदमच पिकतो आणि आसपासची फळंही पिकवतो, तो लांब टांगा. पुठ्ठ्याचे खोके धक्क्यावरच सोडा, त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात.

शेगडी बोटीच्या हेलकाव्यांबरोबर झुलती असते, त्यामुळे भांडं सपाट राहतं. पण शिजवणारा हिंदकळतोच. कमरेला पट्टा बांधा, झाकण घट्ट बसणारा कुकर वापरा, आणि उकळतं पाणी ओतताना कप हातात न धरता सिंकमध्ये ठेवा. कितीही उकडत असलं तरी शेगडीपाशी वॉटरप्रूफ पँट घालाच. डॉक्टरपासून हजार मैलांवर मांडी भाजली तर काय होईल, याचा विचार करा.

प्रश्न : आंघोळीचं काय?

समुद्राच्या पाण्याने. साधा साबण खाऱ्या पाण्यात फेसत नाही, भांड्यांचा लिक्विड सोप फेसतो. शेवटी लिटरभर गोड्या पाण्याने अंग पुसायचं, आणि तेवढ्या पाण्यात काटकसर करायची नाही. अंगावर आणि कपड्यांत राहिलेलं मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, कपडे दमटच राहतात आणि बसायच्या जागी फोड येतात. चालत्या बोटीवरून बादली टाकताना दोरी मनगटाला गुंडाळू नका, भरलेली बादली माणसाला ओढून नेऊ शकते.

प्रश्न : दिवसभर करता काय? कंटाळा येत नाही?

येतो, साधारण दुसऱ्या आठवड्यात. पण वाटतो तेवढा रिकामा वेळ नसतो. उजाडल्यावर पहिली फेरी डेकवर. रात्री येऊन पडलेले उडते मासे उचलायचे, पण नजर शोधत असते ती एखाद्या नटाला, स्क्रूला, पिनेला. डेकवर असं काही सापडलं, की ते कुठून निसटलं हे कळेपर्यंत दुसरं काम नाही.

मग दोर. व्यापारी वारे दिवसेंदिवस एकाच दिशेने वाहतात, आणि शीड वर धरणारा दोर डोलकाठीच्या टोकाच्या कप्पीत एकाच जागी घासत राहतो. तिथवर हात पोचत नाही, म्हणून तो रोज दोन-तीन बोटं सोडायचा किंवा ओढायचा, म्हणजे घासणारी जागा बदलते. हाताला येणारे दोर बोटांनी चाचपायचे. गुळगुळीत दोरावर मध्येच केसाळ पट्टा लागला, की वेष्टण झिजायला लागलं. डोळ्यांना हे पुष्कळदा उशिरा दिसतं. मला वादळापेक्षा या घासणुकीची धास्ती जास्त वाटते, कारण वादळाची सूचना आधी मिळते.

शिवाय बॅटऱ्या, तळातलं पाणी, हवामानाचा अंदाज, नोंदवहीतली जागा. पश्चिमेला जाताना दर १५ रेखांशांमागे घड्याळ एक तास मागे करायचं. आणि दिवसातून एक जेवण सगळ्यांनी एकत्र घ्यायचं, कारण एरवी कुणीतरी झोपलेलंच असतं.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंच जाणार आहोत. भांडणं कशी टाळावीत?

झोपेचा हिशेब ठेवा. ज्याची झोपेची वेळ आहे त्याला शीड आवरायला उठवावं लागलं, तर तेवढा वेळ नंतर परत द्या. झोपायला बोटीचा मधला भाग निवडा, पुढच्या टोकाला फार आपटतं. आणि बिछान्याच्या कडेला कापड ताणून बांधा, म्हणजे बोट कलंडली तरी खाली पडणार नाही.

प्रश्न : वाटेत कुणाला गंभीर दुखापत झाली तर?

सॅटेलाइट फोनवर डॉक्टरचा सल्ला लगेच मिळतो, मदत मात्र लगेच पोचत नाही. २०१८च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी यांची बोट २१ सप्टेंबरला उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार लागला. ते कुठे आहेत हे माहीत होतं, विमानांनी त्यांची बोट शोधलीही. तरी 'ओसिरिस' हे फ्रेंच जहाज पोचेपर्यंत २४ सप्टेंबर उजाडला. म्हणून निघण्याआधी दात तपासून घ्या, औषधपेटी डॉक्टरांकडून भरून घ्या, आणि टाके घालणं, मोडलेलं हाड बांधणं हे बोटीवरच्या निदान दोघांनी शिकून घ्या. एकालाच येत असेल, तर जखमी नेमका तोच असू शकतो.